श्रमाची अट आणि प्रतिष्ठेचे मूळ : अमेरिकेतील अर्जित उत्पन्न करसवलतीवरील दोन ग्रंथांची चिकित्सा

प्रस्तावना

अल्प वेतनावर राबणाऱ्या कुटुंबांना शासनाने कोणत्या रीतीने साहाय्य करावे, हा आधुनिक कल्याणकारी राज्यापुढील एक कळीचा प्रश्न आहे. साहाय्याची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकीच ते देण्याची रीतही महत्त्वाची असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी गेल्या अर्धशतकात या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ या नावाने ओळखले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘अर्जित उत्पन्न करसवलत’ किंवा नुसता ‘करसवलत’ हा शब्द योजला आहे.

या करसवलतीवर अर्थशास्त्रज्ञांनी विपुल लिहिले आहे. तथापि, ती ज्यांच्या हाती पडते आणि ज्यांच्या हाती पडत नाही, अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांचे जवळून दर्शन घडविणारे दोन ग्रंथ २०१५ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. पहिला ‘इट्स नॉट लाइक आय ॲम पुअर’ हा सारा हाल्पर्न-मीकिन, कॅथरिन एडिन, लॉरा टॅक आणि जेनिफर सायक्स यांचा. दुसरा ‘टू डॉलर्स अ डे’ हा कॅथरिन एडिन आणि एच. ल्यूक शेफर यांचा. समाजशास्त्रज्ञ एडिन यांचे नाव दोन्ही ग्रंथांवर आहे. पहिल्यात मजुरी करून वर्षाकाठी परतावा मिळवणारी कुटुंबे आहेत, तर दुसऱ्यात मजुरी हातची गेल्यामुळे रोख पैशाला पारखी झालेली कुटुंबे. दोन्ही ग्रंथ स्वतंत्रपणे पुष्कळ वाचले गेले. ते शेजारी ठेवून वाचले असता मात्र पहिल्या ग्रंथाचा मध्यवर्ती निष्कर्ष कितपत टिकतो, असा प्रश्न उभा राहतो. करसवलतीमुळे मिळणारी प्रतिष्ठा श्रमाच्या अटीतून येते की साहाय्य देण्याच्या रीतीतून येते, हा तो प्रश्न होय. त्याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

करसवलतीची जडणघडण

या करसवलतीचे मूळ एका फसलेल्या प्रस्तावात आहे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ या ग्रंथात ऋण आयकराची कल्पना मांडली होती. ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्याने कर भरण्याऐवजी शासनानेच त्याला रक्कम द्यावी, असे तिचे स्वरूप होते. या विचाराशी नाते सांगणारी ‘फॅमिली असिस्टन्स प्लॅन’ ही योजना राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९६९ मध्ये मांडली. प्रतिनिधिगृहाने ती संमत केली, पण सिनेटमध्ये ती अडली. सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष, लुइझियानाचे रसेल लाँग यांचा तिला कडवा विरोध होता. काम न करणाऱ्यालाही शासनाने किमान उत्पन्न द्यावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्याऐवजी काम करणाऱ्या गरिबाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात बक्षीस द्यावे, अशी पर्यायी कल्पना त्यांनी पुढे आणली. १९७५ च्या करकपात कायद्याने ती प्रत्यक्षात आली. पहिल्या ४,००० डॉलर मजुरीवर १० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४०० डॉलर, असे तिचे माफक रूप होते. प्रथम तात्पुरती असलेली ही सवलत १९७८ मध्ये कायम झाली आणि १९८६, १९९० व १९९३ च्या कायद्यांनी तिचा मोठा विस्तार केला.

तिची रचना समजून घेणे पुढील विवेचनासाठी आवश्यक आहे. भारतातील करदात्याला परिचित असलेली सूट देय कराच्या मर्यादेतच मिळते. कर शून्य झाला की सूटही संपते. अमेरिकेतील ही सवलत तशी नाही. देय कराहून ती अधिक असेल, तर उरलेली रक्कम शासन रोखीने परत करते. तिचा आलेख तीन टप्प्यांचा आहे. मजुरी वाढत जाते तशी प्रथम सवलत वाढते, मग काही अंतर ती स्थिर राहते आणि त्यानंतर हळूहळू उतरत शून्यावर येते. २०२४ या करवर्षात दोन मुले असलेल्या पालकाला १७,४०० डॉलरपर्यंतच्या मजुरीवर ४० टक्के दराने, म्हणजे कमाल ६,९६० डॉलर सवलत मिळू शकत होती. अपत्य नसलेल्या कामगाराला मात्र कमाल ६३२ डॉलरच मिळत होते.

या आकड्यांचा अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. आठवड्याला ४० तास याप्रमाणे वर्षभर एकही दिवस न चुकवता काम केले, तर १५,०८० डॉलर मजुरी होते. दोन मुलांच्या आईला तेवढ्या मजुरीवर २०२४ साठी ६,०३२ डॉलर, म्हणजे जवळपास पाच महिन्यांच्या मजुरीएवढी रक्कम एकदम मिळते. तिचे कामाचे तास कमी झाले आणि वर्षाची मजुरी ५,००० डॉलरवर आली, तर सवलत २,००० डॉलरवर येते. वर्षभर कामच मिळाले नाही, तर तिच्या पदरी काहीच पडत नाही. गरज सर्वाधिक असते तेथे साहाय्य शून्य असते. हा या रचनेतील अनवधानाचा दोष नाही. रसेल लाँग यांना नेमके हेच हवे होते.

या चित्राची दुसरी बाजू १९९६ मध्ये पूर्ण झाली. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्या वर्षी सही केलेल्या कायद्याने गरीब मातांना मिळणारे जुने रोख साहाय्य संपुष्टात आले. त्याच्या जागी कामाची अट आणि संघराज्याच्या निधीतून आयुष्यात एकूण पाच वर्षांची कमाल मर्यादा असलेली नवी योजना आली. १९९६ मध्ये अपत्ये असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांपर्यंत रोख साहाय्य पोहोचत होते. २०१४ मध्ये ही संख्या २३ वर आली. नव्या योजनेसाठी संघराज्य देत असलेली सुमारे १,६५० कोटी डॉलरची वार्षिक रक्कम महागाईनुसार वाढवण्यात आलेली नाही. याउलट २०२२ च्या करवर्षासाठी करसवलतीपोटी सुमारे २ कोटी ३० लाख करदात्यांना ५,७०० कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली. गरिबांसाठीचा पैसा आटला नव्हता. त्याचा प्रवाह बेकार गरिबांकडून कामकरी गरिबांकडे वळवण्यात आला होता. चर्चेतील दोन ग्रंथ या वळवलेल्या प्रवाहाच्या दोन काठांवर उभे आहेत.

पहिला ग्रंथ : परतावा आणि आत्मप्रतिमा

पहिल्या ग्रंथाचे शीर्षकच त्याचा आशय सांगते. ‘मी काही गरीब नाही’ असा त्याचा भाव आहे. लेखकचतुष्टयाने बॉस्टन परिसरातील ११५ कुटुंबांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. परतावा कसा येतो, कशावर खर्च होतो आणि तो घेताना माणसाला स्वतःविषयी काय वाटते, हे त्यांनी बारकाईने टिपले आहे.

ग्रंथाचे सामर्थ्य त्याच्या निरीक्षणात आहे. हातावर पोट असलेल्या कुटुंबाचे वर्ष परताव्याभोवती कसे फिरते, ते येथे दिसते. वर्षाचे बहुतेक महिने तुटीचे असतात. विजेचे बिल थकते, गाडीचा हप्ता राहतो, क्रेडिट कार्डावरील कर्ज वाढत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतावा आला की थकबाकीचा मोठा भाग चुकता होतो, घरातील मोडकी वस्तू बदलली जाते, काही दिवसांचा किराणा भरला जातो. मुलांना एखादी चैनही करता येते. थोडी बचत करण्याची, शिक्षण पूर्ण करण्याची, स्वतःचे घर घेण्याची स्वप्ने याच काळात पाहिली जातात आणि पुढील तुटीच्या महिन्यांत ती बहुधा विरून जातात. शासकीय साहाय्य हाती आले की गरीब माणूस ते उधळतो, या रूढ समजाला हा तपशील परस्पर उत्तर देतो.

तथापि, लेखकांचा मुख्य दावा खर्चाविषयीचा नाही, तो प्रतिष्ठेविषयीचा आहे. कल्याण कार्यालयातून साहाय्य घेणारी व्यक्ती संशयाची धनी होते. परतावा घेणारी व्यक्ती मात्र स्वतःला कामगार, करदाता आणि कर्तव्यदक्ष पालक समजते. ही कुटुंबे रोख साहाय्यावर जगणाऱ्यांविषयी तिरस्काराने बोलतात, असेही लेखक नोंदवतात. परतावा हे त्यांना दान वाटत नाही, स्वतःच्या कष्टाचे फळ वाटते. यावरून लेखक या निष्कर्षाकडे येतात की, कामाशी जोडलेले साहाय्य माणसाला समाजात सामावून घेते. म्हणून ही कामाधारित व्यवस्था मोडू नये, तिच्या उणिवा दूर करून ती बळकट करावी.

दुसरा ग्रंथ : रोख पैशाविना घरे

दुसऱ्या ग्रंथाचा आरंभबिंदू एक आकडा आहे. कुटुंबांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे एडिन आणि शेफर यांनी असे दाखवले की, २०११ च्या आरंभी एखाद्या महिन्यात माणशी दररोज दोन डॉलरहूनही कमी रोख उत्पन्नावर जगणारी, मुले असलेली सुमारे १५ लाख कुटुंबे अमेरिकेत होती. त्यांत सुमारे ३० लाख मुले होती आणि १९९६ नंतर कुटुंबांची ही संख्या दुपटीहून अधिक झाली होती. शिकागो, क्लीव्हलँड, टेनेसीमधील जॉन्सन सिटी आणि मिसिसिपीचा त्रिभुज प्रदेश येथील काही कुटुंबांच्या कहाण्यांतून लेखकांनी हा आकडा जिवंत केला आहे.

या आकड्यावर गंभीर आक्षेप घेतला गेला आहे आणि तो नोंदवणे समीक्षेच्या दृष्टीने आवश्यक आहे. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सर्वेक्षणातील माहितीची शासकीय नोंदींशी पडताळणी केली. सर्वेक्षणात दोन डॉलरखालचे उत्पन्न सांगणाऱ्या, बेघर नसलेल्या कुटुंबांपैकी ९० टक्क्यांहून अधिक कुटुंबे प्रत्यक्षात त्या वर्गात मोडत नाहीत, असे त्यांना आढळले. न सांगितलेली मिळकत, वस्तुरूप साहाय्य आणि मालमत्ता हिशेबात धरल्यावर चित्र बदलते. ग्रंथातील संख्येवर विसंबून मोठी विधाने करणे त्यामुळे धोक्याचे ठरते. परंतु या आक्षेपाने कहाण्यांतील यंत्रणेचे वर्णन खोटे ठरत नाही. काम गेल्यावर रोख साहाय्य का मिळत नाही, या प्रश्नाचे ग्रंथाने दिलेले उत्तर त्या संख्येवर अवलंबून नाही.

ते उत्तर पुढीलप्रमाणे आहे. ग्रंथातील बहुतेक प्रौढ व्यक्ती कामाला नकार देणाऱ्या नाहीत. त्या काम करत होत्या आणि पुन्हा काम शोधत आहेत. शिकागोतील एक माता दुकानात रोखपाल होती. एके दिवशी गल्ल्यात १० डॉलर कमी भरले आणि तिची नोकरी गेली. ते पैसे पुढे सापडले, पण नोकरी परत मिळाली नाही. कोणाचे कामाचे तास आठवड्यागणिक बदलतात, कोणाला आजारपण भोवते. त्यानंतर कोणी रक्तद्रव विकते, कोणी अन्नसाहाय्याची रक्कम तोट्यात मोडून रोख पैसे उभे करते. यांच्यातील काही जणींनी काम चालू असलेल्या वर्षी परतावा घेतलेला असतो. दोन ग्रंथांतील माणसे भिन्न जातकुळीची नाहीत. एकाच माणसाच्या आयुष्यातील ही दोन वर्षे असू शकतात.

प्रतिष्ठा कशातून येते?

येथून पहिल्या ग्रंथाची चिकित्सा सुरू होते. परतावा घेणाऱ्याची प्रतिष्ठा लेखकांनी विश्वासार्हपणे दाखवली आहे. त्या प्रतिष्ठेचे कारण मात्र त्यांनी पुरेसे तपासलेले नाही. करसवलत आणि जुने रोख साहाय्य यांत एक नव्हे, तर निदान चार भेद आहेत. पहिला, करसवलतीला श्रमाची अट आहे. दुसरा, ती करविवरणपत्राद्वारे मिळते आणि हे विवरणपत्र श्रीमंतही भरतो. तिसरा, ती मिळवताना अधिकाऱ्यासमोर रांगेत उभे राहून आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागत नाही. चौथा, ती इतर करपरताव्यात मिसळून एकाच रकमेत हाती येते. यांतील पहिला भेद श्रमाचा आहे, उरलेले तीन वितरणाच्या रीतीचे आहेत. चारही भेद एकाच वेळी उपस्थित असताना प्रतिष्ठेचे श्रेय केवळ पहिल्याला देता येत नाही.

ग्रंथातील पुरावा तर दुसऱ्याच दिशेने झुकतो. करसवलतीचे दर, तिची चढती-उतरती रचना आणि मजुरीशी असलेले तिचे गणित बहुतेक लाभार्थींना नीट ठाऊक नसते, असे याच संशोधकांनी अन्यत्र दाखवले आहे. परताव्यातील किती रक्कम या सवलतीची आणि किती कापून घेतलेल्या कराची, हेही अनेकांना सांगता येत नाही. मजुरी आणि सवलत यांचा नेमका संबंध ज्याला माहीत नाही, त्याची प्रतिष्ठा त्या संबंधावर कशी उभी असेल? तो जे अनुभवतो ते दृश्य स्वरूपाचे असते. करसल्लागाराच्या टेबलासमोरची खुर्ची, इतरांसारखाच छापील अर्ज आणि बँकेत जमा झालेली रक्कम, एवढे त्याच्या अनुभवाला येते. दुसऱ्या ग्रंथाच्या अखेरीस एडिन आणि शेफर यांनी सुधारणेसाठी एक कसोटी सुचवली आहे. कोणतीही योजना गरिबाला समाजात सामावते की वेगळे पाडते, हे पाहावे असे ते म्हणतात. ही कसोटी मुळात रीतीची आहे. दोन्ही ग्रंथांवर नाव असलेल्या संशोधिकेच्या विचारात हे सूत्र उपस्थित आहे. पहिल्या ग्रंथाच्या निष्कर्षात मात्र ते श्रमाच्या अटीखाली दबून गेले आहे.

याची किंमतही ग्रंथातच दिसते. परतावा घेणारी कुटुंबे रोख साहाय्य घेणाऱ्यांचा तिरस्कार करतात, ही नोंद लेखक सहानुभूतीने करतात, पण तिच्यापाशी थांबत नाहीत. श्रमाच्या अटीने दिलेली प्रतिष्ठा तुलनेवर जगते. कोणी तरी ‘ऐतखाऊ’ असल्याखेरीज ‘कष्टाळू’ या विशेषणाला धार येत नाही. ज्या मातेचे काम उद्या जाऊ शकते, तीच आज या तिरस्कारात सहभागी होते आणि काम गेल्यावर तोच तिरस्कार तिच्या वाट्याला येतो.

तिसरा पक्ष : मालक

पहिल्या ग्रंथात दोन पक्ष ठळक आहेत, शासन आणि कुटुंब. तिसरा पक्ष, म्हणजे मालक, जवळजवळ पार्श्वभूमीत राहतो. मजुरीला शासकीय जोड मिळाली की मजुरी वाढवण्याची निकड कमी होते, ही भीती नवी नाही. इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यात १७९५ पासून सुरू झालेल्या स्पीनहॅमलँड पद्धतीवर तोच आक्षेप होता. अर्थशास्त्रज्ञ जेसी रॉथस्टाइन यांनी २०१० मधील अभ्यासात असा अंदाज वर्तवला की, करसवलतीतील प्रत्येक डॉलरचा सुमारे एक तृतीयांश भाग घटलेल्या मजुरीच्या रूपाने मालकांकडे जातो. दुसरीकडे, या सवलतीमुळे एकट्या माता मोठ्या संख्येने कामावर आल्या, हा नादा इसा आणि जेफ्री लीबमन यांच्या १९९६ च्या अभ्यासापासून रूढ झालेला निष्कर्ष हेन्रिक क्लेवेन यांनी २०१९ मध्ये वादग्रस्त ठरवला. हे वाद मिटलेले नाहीत. परंतु मालकाला वगळून या सवलतीचे मूल्यमापन अपुरे राहते, एवढे त्यांतून निश्चित होते.

मालकाचे स्थान मजुरीच्या दरापुरतेही मर्यादित नाही. सवलतीची पात्रता मजुरीवर ठरते आणि मजुरी देणे-न देणे मालकाच्या हाती असते. गल्ल्यात १० डॉलर कमी भरल्यावर त्या रोखपाल मातेची केवळ नोकरी गेली नाही. पुढील वर्षीच्या शासकीय साहाय्यावरील तिचा हक्कही आटला. साहाय्यास कोण लायक, हे ठरवण्याचा कल्याण कार्यालयातील अधिकाऱ्याचा अधिकार रद्द झाल्यासारखा वाटतो, पण तो नाहीसा झालेला नाही. तो दुकानाच्या व्यवस्थापकाकडे गेला आहे आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध शासनाकडे अपील करण्याची सोय नाही.

तपासणी आणि संशय

करविवरणपत्राची रीतही सर्वांना सारखी वागवत नाही. सवलतीसाठी मूल अर्ध्या वर्षाहून अधिक काळ अर्जदाराजवळ राहिलेले असावे लागते. विभक्त पालक, आजी-आजोबा, सतत बदलणारी भाड्याची घरे या वास्तवात ही अट सिद्ध करणे अवघड जाते. चुकीने दिल्या गेलेल्या रकमांचे प्रमाण शासकीय अंदाजानुसार अनेक वर्षे एक पंचमांशाहून अधिक राहिले आहे. ‘फसवणूक’ हा शब्द त्यासाठी सर्रास वापरला जातो, पण त्यातील मोठा भाग नियमांच्या गुंतागुंतीचा आहे. २०१५ च्या कायद्याने तर ही सवलत मागणाऱ्यांचे परतावे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोखून धरणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी इतरांच्या तुलनेत २.९ ते ४.७ पट अधिक होते असे आढळले. त्याच वर्षी करविभागाचे आयुक्त डॅनियल वेर्फेल यांनी ही विषमता मान्य केली. या तफावतीचे एक प्रमुख कारण अर्जित उत्पन्न सवलतीच्या तपासण्या हे होते.

पहिल्या ग्रंथाच्या प्रतिपादनाला यातून एक महत्त्वाची पुरवणी जोडावी लागते. श्रमाची अट पूर्ण करूनही संशयाचे पत्र आले की तीच व्यक्ती करदात्याच्या खुर्चीवरून उठून पुन्हा कल्याण कार्यालयाच्या रांगेत उभी राहते. श्रम तोच आहे, रीत बदलली आणि प्रतिष्ठा गेली. प्रतिष्ठेचे मूळ रीतीत आहे, या विधानाची ही उलट बाजूने मिळालेली पुष्टी होय.

२०२१ चा अनुभव

दोन्ही ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर सहा वर्षांनी या प्रश्नाची जणू प्रत्यक्ष परीक्षा झाली. मार्च २०२१ च्या कायद्याने अपत्य करसवलत एका वर्षापुरती बदलली. सहा वर्षांखालील मुलासाठी ३,६०० आणि त्यावरील मुलासाठी ३,००० डॉलर अशी ती वाढली. मुख्य म्हणजे श्रमाची अट काढून टाकण्यात आली. जुलै ते डिसेंबर २०२१ या सहा महिन्यांत निम्मी रक्कम दरमहा थेट देण्यात आली. वितरण करविभागाकडूनच झाले. म्हणजे वर सांगितलेल्या चार भेदांपैकी श्रमाचा भेद गळला आणि करयंत्रणेची रीत टिकून राहिली.

जनगणना विभागाच्या पूरक मापानुसार बालदारिद्र्याचे प्रमाण २०२१ मध्ये ५.२ टक्के इतके खाली आले. सवलत मूळ रूपात परतल्यावर २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झाले. त्या सहा महिन्यांवरील बहुतेक अभ्यासांत रोजगारात लक्षणीय घट आढळली नाही. ही सवलत कायम झाल्यास सुमारे १५ लाख पालक काम सोडतील, असा इशारा केव्हिन कोरिंथ, ब्रूस मेयर आदींनी दिला होता. एका वर्षाच्या अनुभवावरून तो पूर्णपणे फेटाळता येत नाही, हेही खरे. तथापि, योजना संपली ती आकड्यांच्या वादामुळे नव्हे. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मॅन्चिन यांनी कामाच्या अटीचा आग्रह धरला आणि मुदतवाढ मिळाली नाही. रसेल लाँग यांचा १९७२ चा युक्तिवाद अर्धशतकानंतर जवळपास त्याच स्वरूपात विजयी झाला. २०२५ च्या कायद्याने अपत्य सवलत २,२०० डॉलर केली, पण अत्यल्प मजुरीच्या पालकाला ती पूर्ण मिळू न देणारी पायरी तशीच ठेवली.

रोजगार हमीच्या संदर्भात

श्रमाशी जोडलेल्या साहाय्याची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात जिचा प्रयोग झाला, ती रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या निधीसाठी नगरवासी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला तो १९७५ मध्ये, म्हणजे अमेरिकेत करसवलत सुरू झाली त्याच वर्षी. महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या वेतनपत्रकात आजही त्या कराची कपात दिसते.

दोन्ही व्यवस्थांत श्रमाची अट आहे. भेद आहे तो अट पूर्ण करण्याची जबाबदारी कोणावर, यात. रोजगार हमीत मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले आणि १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूद झाली. अंमलबजावणीतील विलंब, तुटपुंजी मजुरी आणि हजेरीपटातील गैरप्रकार यांमुळे या तत्त्वाला व्यवहारात पुष्कळ तडे गेले, हे सर्वज्ञात आहे. तरीही तत्त्व म्हणून त्यात एक समतोल आहे. शासन श्रमाची अट घालते आणि श्रमाची संधीही बांधून देते. अमेरिकी करसवलतीत अट शासनाची आणि संधी बाजाराची, अशी विभागणी आहे. श्रमाच्या अटीचे समर्थन करायचे झाल्यास त्यासोबत संधीची हमी का नाही, याचे उत्तर पहिल्या ग्रंथाने द्यायला हवे होते. दुसऱ्या ग्रंथाने शिफारशींत कामाच्या संधींची निर्मिती आणि काम अशक्य असेल तेव्हा रोख आधार या दोन्ही गोष्टी सुचवल्या आहेत. या बाबतीत तो अधिक सुसंगत आहे.

समारोप

‘इट्स नॉट लाइक आय ॲम पुअर’ हा कामकरी गरिबांच्या आर्थिक जीवनाचा मोलाचा दस्तऐवज आहे. परताव्याने काय साधते आणि पुढील अकरा महिन्यांत काय निसटते, हे त्याच्याइतक्या बारकाईने क्वचितच कोणी दाखवले असेल. ‘टू डॉलर्स अ डे’ हा संख्येच्या बाबतीत वादग्रस्त, पण यंत्रणेच्या वर्णनात भेदक ग्रंथ आहे. दोन्ही एकत्र वाचल्यावर पुढील बाबी स्पष्ट होतात. करसवलतीने दिलेली प्रतिष्ठा खरी आहे, पण ती श्रमाच्या अटीतून आली हे पहिल्या ग्रंथात सिद्ध झालेले नाही. त्यातील पुरावा, करतपासणीचा अनुभव आणि २०२१ मधील वितरण या तिन्हींचा कल रीतीच्या बाजूने आहे. श्रमाच्या अटीने निश्चितपणे जे घडते ते वेगळेच आहे. लायक आणि नालायक अशी गरिबांची विभागणी होते आणि ती करण्याचा अधिकार मालकाच्या हाती जातो.

या निष्कर्षाचे महत्त्व अमेरिकेपुरते नाही. ब्रिटनमध्ये २००३ पासून चालत आलेली कामकरी करसवलत एप्रिल २०२५ मध्ये बंद होऊन एकत्रित साहाय्य योजनेत विलीन झाली. तेथेही कामाची अट आणि साहाय्याची रीत यांचा वाद सुरूच आहे. गरिबाने सन्मान मिळवण्यासाठी आधी काय सिद्ध करावे, असा प्रश्न या सर्व व्यवस्था विचारतात. साहाय्य देताना शासनाने स्वतः कसे वागावे, हा प्रश्न त्याहून कमी विचारला जातो. एडिन यांच्या दोन ग्रंथांनी मिळून त्याचे साहित्य पुरवले आहे. उत्तर मात्र त्यांपैकी एकाच ग्रंथाने, तेही शेवटच्या पानांत, दिले आहे.